परदेशातून ऑनलाइन मागवलेली इलेक्ट्रॉनिक उपकरणे : सीमाशुल्क आणि पार्सल यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहर, अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहत, बार्शी आणि पंढरपूर येथून आमच्याकडे सातत्याने जे प्रश्न येतात, त्यांतून हे पान तयार झाले आहे. विचारणाऱ्यांत हेडफोन मागवणारे विद्यार्थी आहेत, लग्नसराईतले छायाचित्रकार आहेत आणि मागाच्या सुट्या भागांसाठी अडलेले कारखानदारही आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसरीकडे आलेले असेल, तर तेथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. संकेतस्थळावर दिसणारी किंमत आणि वस्तू घरी येईपर्यंतचा खर्च यांत एवढा फरक का पडतो?

सीमाशुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर लागत नाही. ते किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागते आणि त्यात एका कराच्या रकमेवर दुसरा कर मोजला जातो. १५० डॉलरचे हेडफोन आणि २० डॉलर वाहतूक असा व्यवहार घेऊ. हिशेबाच्या सोयीसाठी डॉलर ९० रुपयांचा धरला, तर वस्तू १३,५०० रुपयांची आणि वाहतूक १,८०० रुपयांची होते. विम्याची रक्कम बीजकात नसेल, तर मूल्यनिर्धारणाच्या २००७ च्या नियमांप्रमाणे ती वस्तूच्या किमतीच्या १.१२५ टक्के, म्हणजे सुमारे १५२ रुपये धरतात. करपात्र मूल्य झाले १५,४५२ रुपये.

आता उदाहरणादाखल मूळ सीमाशुल्क १० टक्के घेऊ. ते १,५४५ रुपये होते. त्या शुल्कावर (वस्तूवर नव्हे) १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे १५५ रुपये. या तिन्हींच्या बेरजेवर, म्हणजे १७,१५२ रुपयांवर, १८ टक्के एकात्मिक जीएसटी ३,०८७ रुपये होतो. एकूण कर ४,७८७ रुपये, म्हणजे करपात्र मूल्याच्या जवळपास ३१ टक्के. बँकेचे परकीय चलन शुल्क (प्रश्न ७) आणि कुरिअर कंपनीची हाताळणी फी यांची भर वेगळीच. दीडशे डॉलरची वस्तू साडेतेरा हजारांना पडेल असे समजून ऑर्डर देणाऱ्याच्या खिशातून वीस हजारांहून अधिक जातात, ते असे.

दर अर्थसंकल्पागणिक बदलू शकतात, म्हणून दरांऐवजी मोजण्याची रीत लक्षात ठेवावी आणि दर ऑर्डर देण्याच्या दिवशी तपासावेत. अनेकांच्या तोंडी अजून ४२.०८ टक्के हा आकडा असतो. मूळ शुल्क १० टक्के, त्यावरील अधिभार आणि २८ टक्के जीएसटी या हिशेबातून तो आलेला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये २८ टक्क्यांचा टप्पा बहुतेक वस्तूंसाठी रद्द झाल्यानंतर त्या आकड्यावर विसंबून राहू नये.

२. ठराविक रकमेच्या आतल्या पार्सलवर ड्युटी लागत नाही, हे खरे आहे का?

विकत घेतलेल्या वस्तूसाठी भारतात अशी मोठी सूट नाही. हा समज बहुधा अमेरिकेतील नियमावरून पसरला असावा. तेथे ८०० डॉलरपर्यंतची पार्सले करमुक्त येत असत. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. आपल्याकडे लहान पार्सल कधी कधी शुल्क न आकारता घरपोच होते, हा अनुभव खरा आहे. परंतु मागच्या वेळी लागले नाही, म्हणून या वेळी लागणार नाही, असा हक्क त्यातून निर्माण होत नाही.

३. माझा भाऊ न्यू जर्सीत असतो. त्याने 'गिफ्ट' असे लिहून स्मार्टवॉच पाठवले, तर कर वाचेल का?

नाही. विदेश व्यापार महासंचालनालयाने डिसेंबर २०१९ मध्ये अधिसूचना काढून टपाल किंवा कुरिअरने भेटवस्तू म्हणून सवलतीत माल आणण्यास मनाई केली. त्यातून जीवरक्षक औषधे आणि राखी एवढेच वगळले आहे. राखीला सवलत ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचे कौतुक करावे तेवढे थोडे, पण घड्याळ काही राखीत मोडत नाही. भावाने वस्तू पाठवण्यास मात्र बंदी नाही. त्याने खरे मूल्य आणि वस्तूचे नेमके नाव लिहावे आणि आपण पूर्ण कर भरावा. 'गिफ्ट' लिहिलेले पार्सल उलट तपासणीत अडकते आणि मग कागदपत्रांची मागणी होते. भाऊ स्वतः येणार असेल, तर प्रश्न १६ पाहावा.

४. टपालाने मागवावे की कुरिअरने? सोलापूरला पोहोचायला किती दिवस लागतात?

सोलापुरात परदेशी पार्सलांची सीमाशुल्क तपासणी होत नाही. टपालाने आलेले पार्सल सामान्यतः मुंबईच्या बॅलार्ड इस्टेट येथील परदेश टपाल कार्यालयाच्या व्यवस्थेतून जाते, तर एक्स्प्रेस कुरिअरचा माल विमानतळावरील कुरिअर टर्मिनलवर सुटतो. त्यानंतर तो मुंबईहून पुणेमार्गे सुमारे चारशे किलोमीटर प्रवास करतो. माल सुटल्यानंतरचा हा टप्पा दोन-चार दिवसांचा असतो. खरा वेळ त्याआधीच्या टप्प्यात जातो.

टपालाचा फायदा असा की, आकारलेले शुल्क पोस्टमनकडे किंवा पोस्टाच्या खिडकीवर भरून पार्सल घेता येते आणि मध्यस्थाची फी नाममात्र असते. तोटा असा की, पार्सल कोठे आहे हे अनेकदा आठवडाभर कळत नाही. कुरिअर कंपनी आपल्या वतीने कागदपत्रे दाखल करते, शुल्क आधी भरते आणि त्याबद्दल फी घेते. पाच-सहाशे रुपयांच्या केबलसाठी ती फी केबलहून जास्त होऊ शकते. आमच्या मते दहा हजारांच्या खालच्या, घाई नसलेल्या वस्तूला टपाल पुरते आणि त्याहून महाग किंवा नाजूक वस्तूला कुरिअरच योग्य.

५. कुरिअर कंपनी आधार कार्ड मागते. द्यावे का?

द्यावे, पण योग्य ठिकाणी. प्राप्तकर्त्याची ओळख आणि पत्ता पडताळणे कुरिअर कंपनीवर बंधनकारक आहे. केवायसी झाल्याशिवाय माल सुटत नाही. कागदपत्रावरील नाव पार्सलवरील नावाशी जुळले पाहिजे. आपल्याकडे याच जागी हमखास गोंधळ होतो, कारण ऑर्डर 'बंडू' या घरगुती नावाने दिलेली असते आणि आधारवर नाव भलतेच असते. प्रत अपलोड करताना कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन पार्सलचा क्रमांक टाकावा. संदेशातून आलेल्या दुव्यावर करू नये (प्रश्न १४).

६. विक्रेता म्हणतो, 'ड्युटी आधीच भरलेली आहे.' मग पुन्हा पैसे का मागतात?

विक्रीच्या अटी दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात आयातशुल्क विक्रेता भरतो. ऑर्डर देताना 'इम्पोर्ट फी डिपॉझिट' म्हणून ते आपल्याकडून घेतलेले असते. दुसऱ्यात माल दारापर्यंत आणण्याची जबाबदारी विक्रेत्याची, पण कर आपला. पुन्हा मागणी आली, तर ऑर्डरच्या पावतीत शुल्काची वेगळी ओळ आहे का ते पाहावे. ओळ असेल, तर कुरिअरला पैसे देण्याआधी पावतीची प्रत पाठवून विक्रेत्याशी बोलण्यास सांगावे. फक्त 'फ्री शिपिंग' लिहिलेले असेल, तर त्याचा कराशी काही संबंध नाही.

७. कार्ड चालत नाही, किंवा चालले तर जास्त रक्कम कापली जाते. कारण काय?

रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधील निर्देशांनंतर नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार सुरुवातीला बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते सुरू करावे लागतात आणि तेथेच मर्यादाही ठरवता येते. खरेदी झाली की मर्यादा पुन्हा शून्यावर आणावी, कारण अनेक परदेशी संकेतस्थळे ओटीपी विचारत नाहीत. जास्तीची कपात म्हणजे बँकेचे परकीय चलन शुल्क. ते बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत असते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. संकेतस्थळाने 'रुपयांत भरा' असा पर्याय दिला, तर सहसा तो घेऊ नये. त्यांचा विनिमय दर बँकेच्या दरापेक्षा महाग असतो.

८. लॅपटॉप मागवण्यावर बंदी आहे ना?

सरसकट बंदी नाही. ३ ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने लॅपटॉप, टॅबलेट, ऑल-इन-वन संगणक, अतिलहान संगणक आणि सर्व्हर यांची आयात निर्बंधित झाली. त्याच अधिसूचनेत टपाल किंवा कुरिअरने, ई-व्यापार संकेतस्थळावरून घेतलेला एक नग शुल्क भरून आणण्याची मुभा आहे. एक म्हणजे एकच. स्वतःसाठी एक आणि बहिणीसाठी एक, असे दोन एका पार्सलात मागवणाऱ्यांची पार्सले अडकली आहेत. रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड यांसारखे सुटे भाग या यादीत नाहीत.

वापरलेला किंवा दुरुस्त करून विकलेला संगणक हा वेगळा विषय आहे. जुन्या मालाच्या आयातीवर स्वतंत्र निर्बंध आहेत. 'रिफर्बिश्ड' हा शब्द बीजकावर असलेली वस्तू मागवू नये, असाच आमचा सल्ला आहे.

९. परदेशातील मोबाइल येथे चालेल का?

कराचा विचार करण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक. तो नसलेला किंवा बनावट असलेला फोन आणण्यास मनाई आहे. फोन हाती आल्यावर *#०६# दाबून क्रमांक पाहावा आणि 'केवायएम' हे इंग्रजी अक्षरांत लिहून, त्यापुढे तो क्रमांक टाकून १४४२२ वर संदेश पाठवावा, म्हणजे खात्री होते. दुसरी म्हणजे सिम. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये २०२२ च्या आयफोन १४ पासून सिमची खाचच नाही, केवळ ई-सिम चालते. तिसरी म्हणजे वारंवारता पट्टे. आपल्याकडील ४-जी आणि ५-जीचे पट्टे त्या मॉडेलमध्ये नसतील, तर शहरात फोन चालेल आणि मोहोळच्या पुढे गेला की रेंज शोधत बसेल. हमीविषयी प्रश्न १३ पाहावा.

१०. पॉवर बँक किंवा सुटी बॅटरी कुठलाच विक्रेता भारतात पाठवत नाही. का?

लिथियम बॅटरीला विमानात आग लागण्याचा धोका असतो. उपकरणाशिवाय सुटी पाठवलेली लिथियम-आयन बॅटरी १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाही. ती फक्त मालवाहू विमानाने, तीही ३० टक्क्यांपेक्षा जास्त भारित नसलेली, अशी जाते. पॉवर बँक ही सुटी बॅटरीच मानली जाते. फोन किंवा कॅमेऱ्याच्या आत बसवलेली बॅटरी मात्र अटींवर चालते. त्यामुळे कॅमेरा मागवताना जादा बॅटरी त्याच पार्सलात टाकू नये. एका बॅटरीपायी अख्खे पार्सल परत जाते.

११. लग्नाच्या चित्रीकरणासाठी ड्रोन आणि वॉकी-टॉकी मागवायचे आहेत. चालेल का?

ड्रोन नाही. ९ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने तयार तसेच जुळणीसाठी सुट्या संचाच्या रूपातील ड्रोनची आयात प्रतिबंधित झाली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठी अपवाद आहेत. लग्न त्यांत येत नाही. सुटे भाग आणता येतात, परंतु पूर्ण ड्रोनचे सगळे भाग वेगवेगळ्या पार्सलांतून मागवण्याची युक्ती कोणी सुचवली, तर ती ऐकू नये.

वॉकी-टॉकीसारख्या बिनतारी उपकरणाला दिल्लीच्या वायरलेस नियोजन व समन्वय विभागाची मान्यता लागते आणि परवानामुक्त पट्ट्याबाहेरच्या संचाला परवानाही लागतो. स्वस्त चिनी संच बहुधा या पट्ट्यांबाहेरही प्रक्षेपण करतात. ई-सिगारेटची विचारणाही होते. २०१९ च्या कायद्याने तिची आयात हाच गुन्हा आहे.

१२. आमचा टॉवेलचा कारखाना आहे. मागाच्या इलेक्ट्रॉनिक जकार्डचे कंट्रोलर कार्ड चीनहून मागवायचे आहे. ते माझ्या वैयक्तिक नावाने मागवले तर सोपे पडेल का?

सोपे वाटते, पण महाग पडते आणि चुकीचेही आहे. हा प्रश्न सोलापुरातून सर्वांत जास्त येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वैयक्तिक वापराच्या वस्तूंसाठी सीमाशुल्क दरपत्रकात ९८०४ हे वेगळे शीर्षक आहे. तेथे इलेक्ट्रॉनिक वस्तू कोणतीही असली, तरी एकच दर लागतो. आयात-निर्यात संकेतांक, म्हणजे आयईसी, अशा वैयक्तिक आयातीला लागत नाही. कारखान्यात बसवायचे कार्ड वैयक्तिक वापराचे नसते. ते त्या भागाच्या स्वतःच्या शीर्षकाखाली यायला हवे आणि त्याला आयईसी लागतो. आयईसी काढणे आता कठीण राहिलेले नाही. अर्ज ऑनलाइन होतो, शुल्क ५०० रुपये आहे आणि संकेतांक म्हणून पॅन क्रमांकच वापरला जातो.

फायदा दोन ठिकाणी दिसतो. भरलेल्या एकात्मिक जीएसटीची वजावट मिळते. मात्र त्यासाठी बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे सीमाशुल्क विभागाकडे दाखल होणाऱ्या आयातीच्या कागदावर, कारखान्याचा जीएसटी क्रमांक असला पाहिजे. वैयक्तिक नावाने आणलेल्या कार्डाचा कर कायमचा खर्ची पडतो. शिवाय काही वस्तूंवर, उदाहरणार्थ संगणकावर, त्याच्या स्वतःच्या शीर्षकाखाली मूळ सीमाशुल्क शून्य आहे, तर ९८०४ खाली ते लागते. 'घरगुती आयात स्वस्त' हा समज अशा वेळी उलटा पडतो.

आणखी एक बारकावा. माग बंद पडलेला असताना कारखानदार लहानशा कार्डासाठी भरमसाट विमानभाडे मोजतो. मूल्यनिर्धारणाच्या नियमांनुसार विमानाने आलेल्या मालाचे वाहतूक मूल्य वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. दहा हजारांच्या कार्डासाठी सहा हजार भाडे दिले, तरी करासाठी दोन हजारच मोजले जातात. बीजकावर वस्तूची किंमत आणि भाडे वेगवेगळे लिहून घेतले नाही, तर ही सवलत सिद्ध करता येत नाही.

१३. वस्तू बिघडलेली निघाली. भरलेली ड्युटी परत मिळते का?

कायद्यात सोय आहे. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम २६ए नुसार सदोष किंवा मागणीशी न जुळणारी वस्तू, माल सोडण्याच्या आदेशापासून ३० दिवसांत परत निर्यात केली किंवा तिच्यावरील हक्क सोडला, तर शुल्काचा परतावा मागता येतो. दोष कळण्यापुरताच वापर झालेला असावा आणि ही तीच आयात केलेली वस्तू आहे, हे ओळखता आले पाहिजे. अर्जाला सहा महिन्यांची मुदत असते. न वापरलेली वस्तू दोन वर्षांच्या आत परत पाठवल्यास कलम ७४ खाली ९८ टक्के शुल्क परत मिळू शकते.

व्यवहारात चार-पाच हजारांच्या परताव्यासाठी एवढा पाठपुरावा क्वचितच परवडतो. म्हणून हमी आधी पाहावी. बऱ्याच कंपन्यांची हमी विक्रीच्या देशापुरती असते. उपकरणाच्या चार्जरवर '१००-२४०' लिहिलेले नसेल, तर जपानचे १०० किंवा अमेरिकेचे १२० व्होल्टचे यंत्र आपल्या २३० व्होल्टवर पहिल्याच दिवशी जळेल. त्याला दोष म्हणत नाहीत.

१४. 'तुमचे पार्सल कस्टममध्ये पकडले आहे, लगेच पैसे भरा' असा फोन आला. काय करावे?

फोन ठेवावा. सीमाशुल्क विभाग वैयक्तिक खात्यात किंवा यूपीआयवर पैसे मागत नाही आणि व्हिडिओ कॉलवर कोणाला अटकही करत नाही. विभागाच्या पत्रव्यवहारावर २०१९ पासून दस्तऐवज ओळख क्रमांक असतो. तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. खरोखर ऑर्डर दिलेली असेल, तर कुरिअरच्या संकेतस्थळावर आपणच पार्सलची स्थिती पाहावी. पैसे गेले असतील, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवण्याची शक्यता सर्वाधिक असते.

१५. बीजकावर किंमत कमी लिहायला सांगितली तर? आणि पार्सल अडकले किंवा किंमत उगाच जास्त लावली तर?

कमी किंमत लिहून घेणे ही चुकीची घोषणा ठरते. अधिकाऱ्याला शंका आली, तर तो घोषित मूल्य नाकारून त्याच वस्तूच्या प्रचलित किमतीवर कर लावू शकतो. माल जप्त होऊन दंडही बसू शकतो. संकलकाच्या एका चिनी विक्रेत्याने न विचारताच ६० डॉलरच्या मीटरवर ८ डॉलर लिहिले होते. कार्डाचे विवरणपत्र दाखवून खरी किंमत मान्य करेपर्यंत तीन आठवडे गेले. ऑर्डर देतानाच 'खरी किंमत लिहा' असे विक्रेत्याला कळवावे.

उलट किंमत जास्त लावली गेली, तर ऑर्डरची पावती, बँकेची नोंद आणि संकेतस्थळावरील त्या दिवसाची किंमत दाखवून फेरविचार मागावा. आदेश झाल्यावर ६० दिवसांत आयुक्तांकडे (अपील) दाद मागता येते. शांत बसून मात्र चालत नाही. ३० दिवसांत न सोडवलेला माल कलम ४८ खाली विकला जाऊ शकतो आणि तोवर गोदामभाडे चढत राहते.

१६. दुबईहून येणाऱ्या मावसभावाने बॅगेतून आणले, तर काय नियम?

प्रवाशाच्या सामानाचे नियम टपाल आणि कुरिअरपेक्षा वेगळे आहेत. अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप करमुक्त आणता येतो. इतर वस्तूंसाठी रकमेची मर्यादा असते आणि ती ओलांडली की वरच्या रकमेवर शुल्क लागते. सपाट पडद्याचा टीव्ही ऑगस्ट २०१३ मध्येच या सवलतीतून काढला गेला, त्यामुळे तो एकच आणला, तरी कर आहे. दोन प्रवाशांच्या मर्यादा एकाच वस्तूसाठी एकत्र करता येत नाहीत.

१७. येथील कॅमेरा दुरुस्तीसाठी जपानला पाठवला. परत येताना पुन्हा पूर्ण कर भरायचा का?

नाही, पण तयारी जाण्याआधी करावी लागते. दुरुस्तीसाठी पाठवलेली वस्तू तीन वर्षांच्या आत परत आली, तर दुरुस्तीचा खर्च आणि जाण्या-येण्याचे भाडे व विमा एवढ्याच रकमेवर शुल्क लागते. त्यासाठी पाठवतानाच्या निर्यातीच्या कागदावर वस्तूचा अनुक्रमांक आणि 'दुरुस्तीसाठी' असा उल्लेख हवा. तो नसेल, तर परत येणारी वस्तू नवी खरेदीच समजली जाते. येथे एक खाच आहे. जुना कॅमेरा दुरुस्त करण्याऐवजी कंपनीने हमीत नवा नग पाठवला, तर अनुक्रमांक बदलतो आणि ही सवलत मिळत नाही. कंपनीने एक पैसा घेतलेला नसला, तरी अशा नगावर पूर्ण मूल्य धरून कर बसतो. त्यामुळे वस्तू पाठवण्याआधीच 'दुरुस्तच करा, बदलून देऊ नका, आणि बदलणारच असाल तर आयातशुल्क तुम्ही भरा' असे कंपनीकडून लेखी घ्यावे.